नदीमुखाचा हिशेब आणि आपल्या बोअरचे पाणी

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात नायट्रेटच्या बाबतीत देशातील पंधरा जिल्हे वेगळे काढून दाखवले आहेत. त्यांतले सात महाराष्ट्रातले : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, जळगाव, यवतमाळ आणि आपले बीड. मे २०२३ मध्ये देशभरातून पंधरा हजारांवर ठिकाणचे भूजल तपासले गेले. त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्शात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त आहे. असे पाणी सापडलेल्या जिल्ह्यांची संख्या २०१७ साली ३५९ होती, ती ४४० वर गेली.

बातमी छापून आली, आणि नेहमीप्रमाणे दोन दिवसांत निकालही लागला : शेतकरी युरिया फार टाकतात. चहाच्या टपरीपासून जिल्ह्याच्या बैठकीपर्यंत एकच वाक्य. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण डॉक्टर म्हणून माझा साधा प्रश्न आहे, की हे कशावरून ठरवले? ताप आहे एवढे थर्मामीटर सांगतो, तो टायफॉइडचा की मलेरियाचा हे सांगत नाही. प्रयोगशाळेच्या कागदावरचा ‘नायट्रेट ९०’ हा आकडा म्हणजे थर्मामीटरचा आकडा आहे. ते नायट्रेट उसाच्या शेतातून आले, गोठ्यामागच्या उकिरड्यातून आले की संडासाच्या शोषखड्ड्यातून, याबद्दल तो कागद गप्प असतो.

नायट्रेटला स्वतःला मात्र ते ठाऊक असते. प्रत्येक रेणूवर आपल्या जन्माची एक खूण असते आणि ती वाचण्याचे शास्त्र गेली कित्येक दशके उपलब्ध आहे. ही खूण कशी वाचावी, त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती वाचताना माणूस कसा फसतो, हे सगळ्यांत चांगले कळलेली मंडळी आपल्यापासून फार दूर बसतात : जिथे नद्या समुद्राला मिळतात तिथे. आपल्या जिल्ह्याचा आणि समुद्राचा काय संबंध, असे वाटेल. संबंध आहे. बिंदुसरेचे पाणी सिंदफणेत जाते, सिंदफणा मंजरथला गोदावरीत मिळते. पाटोद्याच्या डोंगरात उगवणारी मांजरा लांबचा वळसा घेऊन अखेर गोदावरीतच जाते. आष्टीकडची सीना भीमेतून कृष्णेला जाते. कोणत्याही वाटेने गेले तरी आपले पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते.

आधी खुणेबद्दल. आयसोटोप, मराठीत समस्थानिक, हा शब्द उच्चारला की रुग्णाच्या चेहऱ्यावर किरणोत्साराची भीती दिसते. थायरॉइडसाठी दिले जाणारे आयोडीन-१३१ किरणोत्सारी असते हे खरे. पण निसर्गातले बहुतेक समस्थानिक अगदी शांत आणि स्थिर असतात. एकाच मूलद्रव्याचे काही अणू थोडे हलके, काही थोडे जड, एवढाच फरक. हवेतल्या नायट्रोजनच्या दर हजार अणूंत तीन-चार अणू १५ वजनाचे असतात, बाकीचे १४ चे. तुमच्या-माझ्या शरीरातही ते आहेत. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूसाठी श्वासाची जी तपासणी होते, तीत रुग्णाला जड कार्बन, म्हणजे कार्बन-१३ असलेला युरिया पाजतात. गरोदर बाईलाही त्यातून किरणोत्साराचा धोका नसतो, कारण त्यात किरणोत्सार नसतोच.

जड आणि हलका अणू रासायनिकदृष्ट्या सारखाच वागतो, फक्त हलका जरा चपळ असतो. सगळी गंमत या ‘जरा’मध्ये आहे. पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी निघून जातात आणि उरलेले पाणी जड होत जाते. त्यामुळे मे महिन्यातले जायकवाडीचे पाणी आदल्या पावसाळ्यात पडलेल्या पावसापेक्षा जड असते. गोठ्यात शिरताना नाकाला झोंबतो तो अमोनिया. त्यातही हलका नायट्रोजन पुढे पळतो, आणि शेणमुतात राहतो तो जड. युरियाचे तसे नाही. कारखान्यात तो हवेतल्या नायट्रोजनपासूनच बनतो, म्हणून त्याची खूण हवेच्या जवळपास, म्हणजे शून्याच्या आसपास असते. हवा हेच मोजपट्टीचे शून्य आणि फरक मोजायचा तो दर हजारी. शेणखत आणि मैल्यातून आलेले नायट्रेट साधारण अधिक १० ते अधिक २० च्या घरात सापडते. जमिनीच्या स्वतःच्या सेंद्रिय अंशातून सुटणारे नायट्रेट या दोहोंच्या मध्ये पडते.

हे वाचून वाटेल, मग प्रश्नच मिटला. प्रत्येक बोअरचे पाणी बाटलीत भरा, यंत्रात घाला. शून्याजवळ आले तर शेतकरी दोषी, पंधराजवळ आले तर गावचा मैला. इथेच नदीमुखावरच्या लोकांकडून शिकावे लागते.

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहत आंध्रात जाते. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला तिच्यावर बंधारा आहे. तो मुळात इंग्रजांच्या काळात आर्थर कॉटनने बांधला. त्यापुढे तिच्या गौतमी आणि वसिष्ठा अशा मुख्य शाखा होतात. गौतमी यानमवरून कोरिंगाच्या खारफुटीजवळून समुद्रात जाते, वसिष्ठा अंतर्वेदीला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातले शास्त्रज्ञ अनेक वर्षे या नदीमुखाचे नमुने घेत आले आहेत. तिथे वर्षातून दोन वेगळ्या नद्या असतात म्हटले तरी चालेल. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा समुद्राला मागे रेटतो आणि मुखापर्यंत पाणी गोडे होते. पावसाळा संपला, बंधाऱ्याची दारे बंद झाली, की वरून येणारे पाणी जवळपास थांबते आणि समुद्र आत शिरतो. एकाच जागेवरून ऑगस्टमध्ये आणि एप्रिलमध्ये बाटली भरली, तर दोन बाटल्यांत एकमेकांशी ओळख नसलेले पाणी असते.

तिथले शास्त्रज्ञ पहिली गोष्ट करतात ती म्हणजे एक विश्वासू साक्षीदार धरतात : मीठ. नदीमुखात मीठ तयार होत नाही आणि कोणी खातही नाही. म्हणून पाणी किती खारट आहे यावरून त्यात समुद्र किती आणि नदी किती हे थेट कळते. आता पाण्यातला जड ऑक्सिजन मोजा आणि खारटपणासमोर मांडा. नुसतीच मिसळ होत असेल तर सगळे बिंदू एका सरळ रेषेवर येतात. नायट्रेटची मात्राही तशीच मांडता येते. बिंदू रेषेच्या खाली पडला, तर वाटेत कोणीतरी नायट्रेट खाल्ले : शेवाळाने किंवा तळच्या चिखलातल्या जंतूंनी. वर पडला, तर मधेच कुठूनतरी भर पडली. एखादे गटार असेल, भाताच्या खाचरातला निचरा असेल, किंवा जमिनीखालून झिरपणारे पाणी असेल. रेषेपासून ढळणे हीच बातमी.

मात्रेच्या रेषा सरळ असतात. खुणेच्या असतीलच असे नाही, आणि भलेभले चुकतात ते इथे.

स्ट्रॉन्शियमचे उदाहरण घेऊ. हे कॅल्शियमच्या कुळातले मूलद्रव्य. खडकाप्रमाणे त्याच्या समस्थानिकांचे गुणोत्तर बदलते. आपल्या काळ्या पाषाणात ते कमी, तेलंगणातल्या जुन्या ग्रॅनाइटी खडकांत जास्त, आणि जगभरच्या समुद्रात आज सर्वत्र एकच : ०.७०९२. त्यामुळे नदीच्या पाण्यावरून ती कोणत्या खडकांवरून आली हे सांगता येते. पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात स्ट्रॉन्शियम सुमारे ८ मिलिग्रॅम असते. नदीच्या पाण्यात समजा ०.२ आहे. आता ९५ भाग नदी आणि ५ भाग समुद्र मिसळा. पाणी म्हणून ते जवळजवळ सगळे नदीचेच. पण हिशेब करा : समुद्राकडून आले ०.४, नदीकडून आले ०.१९. म्हणजे त्या मिश्रणातले दोन तृतीयांश स्ट्रॉन्शियम समुद्राचे झाले. पाच टक्क्यांच्या पाहुण्याने घराच्या दारावरची पाटीच बदलली. जो पक्ष त्या पदार्थाने श्रीमंत, त्याची खूण मिश्रणावर बसते. गरीब पक्षाने कितीही पाणी ओतले तरी त्याचा आवाज ऐकू येत नाही.

हाच हिशेब आपल्या विहिरीला लावून पाहू. आकडे समजण्यापुरते कल्पित आहेत. शेताकडून झिरपणाऱ्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट, खूण अधिक २. गावाकडून झिरपणाऱ्या पाण्यात १० मिलिग्रॅम, खूण अधिक १६. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले तर विहिरीतली खूण येते जेमतेम अधिक ३.३. अहवाल लिहिणारा म्हणेल, शुद्ध खताचे नायट्रेट. नायट्रेटपुरते ते बरोबरच आहे. पण त्या विहिरीतले निम्मे पाणी गावच्या सांडपाण्याच्या वाटेने आलेले आहे, आणि त्याबरोबर कॉलरा, कावीळ, टायफॉइड यायला रस्ता मोकळा आहे. खूण नायट्रेटचा पत्ता सांगते, पाण्याचा सांगत नाही. हा फरक ज्याला कळला नाही त्याने विहिरीबद्दल निर्णय देऊ नये.

उलट दिशेनेही फसगत होते. जमिनीखाली प्राणवायू नसलेल्या जागी काही जंतू नायट्रेट फोडून त्याचा वायू करून टाकतात. तेही आधी हलका नायट्रोजन उचलतात, म्हणून उरलेले नायट्रेट जड होत जाते. म्हणजे मुळात युरियाचे असलेले नायट्रेटही शेवटी मैल्यासारखे जड दिसू शकते. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत उन्हात युरिया विस्कटला, तरी अमोनियाच्या रूपाने हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याची खूण वर सरकते. अशा वेळी नदीमुखावरचीच युक्ती कामी येते. खूण आणि मात्रा शेजारी-शेजारी ठेवायच्या. खूण चढते आहे आणि मात्रा उतरते आहे, तर जंतूंचे काम. खूण चढते आहे आणि मात्राही चढते आहे, तर नवे काहीतरी येऊन मिळाले. नायट्रेटमधल्या ऑक्सिजनची खूणही सोबत मोजली तर जंतूंचे काम अधिक स्पष्ट दिसते, कारण तेव्हा दोन्ही खुणा हातात हात घालून चढतात. युरिया आणि शेण यांत फरक करायला मात्र ऑक्सिजनचा फारसा उपयोग नाही. दोन्हींचे नायट्रेट शेवटी मातीतलेच जंतू घडवतात.

आता एक उदाहरण जे मला वैयक्तिकरीत्या फार आवडते, कारण त्यात आपली भाकरी आहे. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस या वनस्पती हवेतला कार्बन एका विशिष्ट पद्धतीने घेतात, त्यामुळे त्यांची कार्बनची खूण उणे १२-१३ च्या आसपास असते. तूर, कापूस, गहू, भात आणि जंगलातली झाडे यांची उणे २७ च्या जवळ. (भाकरीवर वाढलेल्या माणसाच्या केसातही ज्वारीची ही खूण उतरते. भात खाणाऱ्याच्या केसापेक्षा वेगळी.) गोदावरी हा सगळा पालापाचोळा चिखलासोबत समुद्रात नेते. मग मुखाबाहेरचा गाळ काढून त्यात ज्वारी-गवत किती आणि जंगल किती हे सांगता यावे. पण समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींची खूण उणे २० च्या आसपास असते. निम्मे गवत आणि निम्मे जंगल मिसळले तरी उणे २०! आकडा एक, अर्थ दोन. म्हणून संशोधकांनी गाळातून फक्त जमिनीवरच्या पानांवरचे मेण वेगळे काढले आणि त्याची खूण वाचली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले, की सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या. पुढे २०१७ मध्ये निओडिमियम या मूलद्रव्याच्या खुणेवरून हेही दिसले, की त्याच काळात समुद्रात जाणाऱ्या गाळात दख्खनच्या काळ्या दगडाचा वाटा वाढला. म्हणजे आपल्याकडच्या मातीचा. बांध फुटून वाहून जाणाऱ्या शेताचे दुःख नवे नाही, समुद्राच्या तळाशी त्याची चार हजार वर्षांची वही आहे.

दोन स्रोत गृहीत धरावेत आणि तिसरा निघावा, ही चूक आम्हा डॉक्टरांना परकी नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोरोनापासून घरोघरी पोहोचले आहे. ते यंत्र दोन रंगांचा प्रकाश बोटातून पाठवते आणि गृहीत धरते, की रक्तात दोनच प्रकारचे हिमोग्लोबिन आहे : प्राणवायू असलेले आणि नसलेले. नायट्रेटमुळे रक्तात तिसरा प्रकार तयार होतो, मेथहिमोग्लोबिन. तो दोन्ही रंग जवळपास सारखेच शोषतो. त्याचे प्रमाण वाढत गेले, की यंत्र गोंधळून ८५ च्या आसपास अडकून बसते. मूल निळे पडले आहे, प्राणवायू लावला तरी रंग बदलत नाही, काढलेले रक्त चॉकलेटसारखे तपकिरी दिसते, आणि आकडा ८५ वर ठाम. यंत्र बिघडलेले नसते, त्याच्या गृहीतात तिसऱ्याला जागाच नसते.

हा आजार लहान बाळांचा. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरीचे पाणी आणि निळी पडणारी तान्ही मुले यांचा संबंध प्रथम मांडला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या जठरात आम्ल कमी असते, तिथले जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतात, आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास नालायक करते. बाळाकडे ते पूर्ववत करणारे विकर पुरेसे नसते. औषध आहे, मेथिलीन ब्लू, आणि वेळेत दिले तर परिणाम डोळ्यांदेखत दिसतो (जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या मुलांत मात्र ते धोक्याचे). ही परिस्थिती आपल्याकडे सर्रास दिसत नाही याचे एक मोठे कारण आपल्या आया अंगावर पाजतात हे आहे. आईने जास्त नायट्रेटचे पाणी प्यायले तरी दुधात ते फारसे उतरत नाही. पण आई ऊसतोडीच्या फडावर पहाटेपासून राबते आहे, दूध पुरत नाही, आणि पावडरीचे दूध किंवा शेळीचे दूध बोअरच्या पाण्यात पातळ करून दिले जाते, तिथे हे संरक्षण संपते. वरचे दूध देणारी आई चांगल्या मनाने पाणी उकळून घेते. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र तिथेच राहते आणि पाणी आटले तेवढे अधिक दाट होते. टीसीएल पावडरनेही ते जात नाही. तुरटीनेही नाही. साध्या कापडाने किंवा कँडलच्या फिल्टरनेही नाही. हे चार वेळा सांगावे लागले तरी सांगेन. मोठ्या माणसांबाबत चित्र इतके स्पष्ट नाही. पोटात ज्या परिस्थितीत नायट्रेटपासून नायट्रोसो संयुगे बनतात, तशा परिस्थितीत त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आहे. घाबरून जावे असे त्यात नाही, दुर्लक्ष करावे असेही नाही.

मग आपल्या गावांत आज काय चालते? पाणी खराब निघाले की उत्तर ठरलेले : आरओचे यंत्र आणि वीस लिटरचा जार. आरओ नायट्रेट काढतो हे खरे. पण तो गोडे पाणी देताना बरेचसे पाणी वाया घालवतो, आणि मार्च उजाडताच टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हे पाणी गटारात सोडणे मला सहन होत नाही. त्या वाया गेलेल्या पाण्यात नायट्रेट आणखी दाट झालेले असते. ते मुरते कुठे? बहुतेक वेळा त्याच गावच्या जमिनीत.

म्हणून स्रोत शोधणे ही चैन नाही. उपाय त्यावर ठरतो. नायट्रेट युरियाचे असेल तर खताचे हप्ते पाडणे, माती परीक्षणाप्रमाणे मात्रा कमी करणे, ठिबकमधून देणे हा उपाय, आणि त्यात शेतकऱ्याचा पैसाही वाचतो. उकिरड्याचे असेल तर उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला ठेवू नये, त्याला पक्का तळ द्यावा, गोठ्याचे मूत्र वाहू न देता जिरवावे. मैल्याचे असेल तर आपल्या संडासांकडे पाहावे लागेल. हागणदारीमुक्तीत घरोघरी खड्डे झाले, ते व्हायलाच हवे होते. त्याने माझ्या वॉर्डातली गर्दी कमी होते हे मी नाकारणार नाही. पण विहिरीपासून इतके मीटर अंतर ठेवा हा नियम मातीतून हळूहळू झिरपणाऱ्या पाण्यासाठी आहे. आपल्याकडे मातीखाली मुरूम, मांजऱ्या आणि भेगाळलेला काळा दगड. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस त्या भेगांतून थेट खाली जातो आणि वर्षभर साठलेले सगळे सोबत घेऊन जातो. असे पाणी मीटर मोजत बसत नाही.

तिघांचे उपाय वेगळे, खर्च वेगळा, जबाबदार माणूस वेगळा. आज सगळा दोष शेतकऱ्याच्या नावावर टाकणे सोयीचे आहे, कारण त्याचे उत्तर मागायला कोणी बसलेले नाही. तो दोषी असेलही. पण तपासाशिवाय आरोपी ठरवणे हे मला रुग्णाच्या बाबतीत मान्य नाही, तर गावाच्या बाबतीत का असावे?

करण्यासारखे काय आहे? प्रत्येक विहिरीची समस्थानिक तपासणी करा असे मी मुळीच म्हणत नाही. ते परवडणारे नाही आणि गरजेचेही नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींचे नमुने घेतेच. ग्रामपंचायतींचे जलसुरक्षकही घेतात. त्यांतून नायट्रेट सातत्याने जास्त असलेल्या मोजक्या विहिरी निवडाव्यात, काही उसाच्या पट्ट्यातल्या, काही गावठाणालगतच्या, काही कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या आणि काही बालाघाटाच्या माथ्यावरच्या कोरडवाहू गावांतल्या. नमुने मे महिन्यात, पहिल्या पावसानंतर आणि दिवाळीच्या सुमारास, असे तीनदा घ्यावेत. गोदावरीच्या मुखावर एका बाटलीवरून कोणी निष्कर्ष काढत नाही, आपण एका मे महिन्यावरून का काढावा? सोबत क्लोराइड मोजावे. नदीमुखावर मीठ जे काम करते ते विहिरीत बरेचसे क्लोराइड करते. मैल्यात मीठ असते, युरियात नसते, आणि क्लोराइडला जंतू खात नाहीत. पाण्यातला जड ऑक्सिजन मोजला, तर ते पाणी यंदाच्या पावसाचे की पैठणच्या उजव्या कालव्यातून झिरपलेले, उन्हात तापून जड झालेले, हेही कळेल. माणसाचा मैला आणि जनावरांचे शेण यांत नायट्रोजन फारसा फरक करत नाही. तिथे आमची औषधे मदतीला येतात. फेफऱ्यावर दिले जाणारे कार्बामाझेपिन सांडपाण्यात सहज नष्ट होत नाही, आणि जगभर ते मानवी सांडपाण्याची निशाणी म्हणून वापरले जाते. म्हशीला कोणी कार्बामाझेपिन देत नाही.

हे करायला परदेशात जावे लागत नाही. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र, रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, सगळीकडे समस्थानिकांवर काम चालते. देशभरच्या पाण्याच्या समस्थानिकांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रमही अहमदाबादच्या पुढाकाराने झाला आहे. मधल्या दुव्याची तेवढी कमतरता आहे. पाण्याचा कागद पाणीपुरवठ्याकडे, संडासाचा पंचायतीकडे, खताचा कृषी विभागाकडे आणि निळे पडलेले बाळ आमच्याकडे. चौघे एका टेबलाशी बसले तर विहिरीचा नकाशा तयार व्हायला दोन पावसाळे पुरावेत. आमच्या बीडच्या खजाना विहिरीला निजामशाहीच्या काळापासून पाणी कुठून येते यावर प्रत्येक बीडकराचे एक मत असते. त्या यादीत एखादी बाटली तिचीही टाकली तर गावात उत्साह येईल, तेवढेच.

आणि हे सगळे होईपर्यंत बाळे थांबणार नाहीत. ज्यांच्या घरी सहा महिन्यांच्या आतले मूल आहे आणि वरचे दूध द्यावेच लागते, त्यांनी आपल्या बोअरचा नायट्रेटचा आकडा ग्रामपंचायतीत विचारावा. तपासणी झाली नसेल तर किटने करून मागावी. आकडा ४५ च्या वर असेल तर त्या बाळाच्या दुधापुरते पाणी दुसऱ्या तपासलेल्या स्रोताचे घ्यावे. बाळाला दिवसाला लिटरभरही लागत नाही. आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी जाताना वजनाच्या काट्यासोबत हा एक प्रश्नही नेला तर बरे : वरचे दूध देता का, आणि कोणत्या पाण्यात?